नगारखाना आणि दिवाणखाना : क्लॅरिनेट व तंतुवाद्ये यांच्या मेळाविषयी

रायगडावरील राजसभेत सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी उभे राहिले म्हणजे समोर, सुमारे दोनशे फुटांवर, नगारखान्याचा दरवाजा दिसतो. या दोन ठिकाणांपैकी एकीकडे हलक्या आवाजात उच्चारलेला शब्द दुसरीकडे स्पष्ट ऐकू येतो, ही गोष्ट गडावर जाणाऱ्या प्रत्येकास वाटाडे आवर्जून करून दाखवितात. प्रस्तुत लेखकानेही ती करून पाहिली आहे. स्थापत्याचे अभ्यासक या रचनेचे कौतुक करतात व ते यथार्थ आहे. संगीताच्या इतिहासाकडे पाहणाऱ्यास मात्र तीत आणखी एक गोष्ट दिसते. नगारखाना हा दरवाज्यावर असतो. सनई आणि नगारा यांचे स्थान मानाचे, उंचावरचे, परंतु सभेच्या बाहेरचे. त्यांचा नाद आत यावा अशी अपेक्षा असे. वाजविणाराने आत यावे अशी नसे.

प्रस्तुत लेखाचा विषय क्लॅरिनेट व तंतुवाद्ये यांच्यासाठी रचलेले युरोपीय कक्षसंगीत आणि त्याचे आपल्याकडील भवितव्य हा आहे. महाड-पोलादपूरच्या बाजूने या विषयाकडे जावे हे वाचकांस प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. सावित्रीच्या खोऱ्यात या संगीताची परंपरा नाही. परंतु एखादी गोष्ट एके ठिकाणी का घडली याचा उलगडा, ती जेथे घडली नाही तेथून पाहिले असता पुष्कळदा अधिक चांगला होतो. युरोपातही पत्तीची वाद्ये मूळची अंगणातली. ती आत कशी आली, कोणाच्या हाताने आली, आणि तेच वाद्य समुद्र ओलांडून आपल्याकडे आले तेव्हा त्यास कोणती जागा मिळाली, एवढाच प्रश्न येथे घ्यावयाचा आहे.

आपल्या शास्त्रकारांनी वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग केले. क्लॅरिनेट आणि व्हायोलिनच्या कुळातील वाद्ये यांचा मेळ म्हणजे सुषिर व तत या दोन वर्गांचा संसार होय, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. क्लॅरिनेट हे वाद्य न्यूरेंबर्ग येथील योहान क्रिस्टोफ डेनर या वाद्यकाराने १७०० च्या सुमारास सिद्ध केले असे सामान्यतः मानतात. त्याच्या पूर्वीचे शालुमो नावाचे साधे वाद्य त्याच्या मुळाशी आहे. सनईची नळी खाली रुंद होत जाते व तिला दुहेरी पत्ती असते. क्लॅरिनेटची नळी बहुतांशी एकाच व्यासाची असून तोंडाशी वेताची एकच पत्ती बांधलेली असते. या फरकांतून बरेच काही निष्पन्न होते. सनईत फुंक बदलून वर गेले असता स्वर एका सप्तकाने चढतो. क्लॅरिनेटमध्ये तो सप्तक ओलांडून त्यापुढील पंचमावर जातो. त्यामुळे खालच्या व वरच्या भागांत बोटे सारखी पडत नाहीत, आणि मधली जागा भरून काढण्यासाठी चाव्या लागतात. याची भरपाई अशी की या वाद्यास जणू दोन कंठ आहेत : खालचा गडद, काहीसा पोकळ, वरचा उजळ व गोल. शिवाय फुंक आवरीत आवरीत स्वर जवळजवळ निःशब्दतेपर्यंत नेता येतो. सनईस हे साधणे अत्यंत कठीण. तंतुवाद्यांच्या शेजारी बसावयाचे तर हा गुण सर्वांत महत्त्वाचा होय.

तरीही गुण असणे आणि शेजारी बसावयास मिळणे या निराळ्या गोष्टी आहेत. अठराव्या शतकातील व्हिएन्नात फुंकवाद्यांचे मेळ उमरावांच्या पदरी असत. जेवणाच्या वेळी, बागेत, शिकारीच्या मुक्कामी ते वाजवीत, आणि वाजविणारांची गणना घरच्या चाकरांत होई. मोझार्टच्या १७८१ च्या नोव्हेंबरातील एका पत्रातील प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. त्याच्या नामदिनी, ३१ ऑक्टोबरच्या रात्री अकरा वाजता, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न व दोन बसून वाजविणारे सहा वादक त्याच्या घरी आले. ते गरीब लोक होते. पण मेळ चांगला वाजवीत, असे तो वडिलांस कळवितो. त्यांनी रस्त्याकडील दार उघडवून घेतले, अंगणात मध्यभागी उभे राहिले आणि मोझार्ट कपडे उतरवून निजण्याच्या बेतात असता त्याचीच नवी रचना त्यास ऐकविली. रचनाकार वर खोलीत, वाजविणारे खाली अंगणात. रायगडाच्या दरवाज्यापेक्षा हे अंतर पुष्कळच कमी, तरी अंतर होतेच.

१७८२ मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याने आपल्या पदरी आठ फुंकवाद्यांचा मेळ ठेविला. त्यात आंटोन व योहान स्टाडलर हे दोघे भाऊ क्लॅरिनेट वाजवीत. आंटोनची व मोझार्टची मैत्री जमली. दोघेही फ्रीमेसन मंडळाचे सभासद होते. १७८६ मध्ये मोझार्टने क्लॅरिनेट, व्हायोला व पियानो यांच्यासाठी त्रयी रचिली, आणि २९ सप्टेंबर १७८९ रोजी क्लॅरिनेट व चार तंतुवाद्ये यांची ए मेजरमधील पंचकरचना पूर्ण केली. तिचा पहिला प्रयोग त्याच वर्षी २२ डिसेंबर रोजी व्हिएन्नाच्या राजनाट्यगृहात, वादकांच्या विधवा व अनाथ मुले यांच्या मदतीसाठी भरलेल्या जलशात झाला. पुढील एप्रिलमध्ये ती एका सरदाराच्या घरी वाजविली गेली. अंगणापासून दिवाणखान्यापर्यंतचा हा प्रवास आठ-नऊ वर्षांचा आहे.

या रचनेत क्लॅरिनेट मुख्य गायक आणि बाकीचे चौघे साथीदार अशी मांडणी अपेक्षित होती, व तसे असते तरी श्रोते संतुष्ट झाले असते. मोझार्टने तसे केले नाही. आरंभी चार तंतुवाद्ये आपले म्हणणे मांडतात, मग क्लॅरिनेट खालून वर चढत जाऊन त्यांस मिळते. दुसऱ्या, विलंबित भागात तंतुवाद्ये आवाज दाबून वाजतात. वर क्लॅरिनेटची लांब, संथ चाल, आणि पहिले व्हायोलिन तिला मधूनमधून उत्तर देते. तिसऱ्या भागातील एका तुकड्यात क्लॅरिनेट पूर्ण गप्प राहते. दुसऱ्याचे बोलणे चालू असता स्वस्थ बसणे हा बैठकीतील समानतेचाच एक प्रकार होय, कारण चाकर गप्प असतो आणि पाहुणा गप्प बसतो यांत फरक आहे. त्याच भागातील दुसऱ्या तुकड्यात खेडुतांच्या नाचाची चाल येते व ती मात्र क्लॅरिनेटकडे दिली आहे. अंगणातून आलेल्या वाद्याने आपले अंगण सोबत आणले आहे, असे येथे म्हणावेसे वाटते. स्टाडलरचे वाद्य नेहमीपेक्षा लांब, अधिक खाली उतरणारे होते. मोझार्टच्या हस्ताक्षरातील मूळ प्रत आज उपलब्ध नाही, आणि १८०२ मधील छापील आवृत्ती सामान्य क्लॅरिनेटच्या आवाक्यात बसविलेली आहे. म्हणजे जी रचना आपण ऐकतो ती काही ठिकाणी मुळापासून सरकलेली आहे. हस्तलिखितांच्या पाठभेदांशी झुंजणाऱ्या आमच्या मंडळींस या दुःखाची कल्पना असेल.

एकदा उघडलेले दार उघडेच राहिले असे मात्र झाले नाही. वेबरने १८१५ मध्ये पूर्ण केलेली पंचकरचना चमकदार आहे. परंतु तीत क्लॅरिनेट पुन्हा एकटा नायक होतो. खरा दुसरा टप्पा शंभर वर्षांनी आला. १८९० मध्ये ब्राम्स लेखन थांबविण्याच्या विचारात होता. १८९१ च्या मार्चमध्ये मायनिंगेन या लहानशा संस्थानात त्याने रिखार्ड म्यूलफेल्ड याचे क्लॅरिनेट ऐकले आणि त्याच उन्हाळ्यात त्रयी व बी मायनरमधील पंचकरचना लिहून काढिली. म्यूलफेल्डची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तो १८७३ मध्ये मायनिंगेनच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून लागला. क्लॅरिनेट तो पुढे स्वतःच शिकला. तंतुवाद्याच्या गजाची लांब ओढ ज्याच्या अंगात मुरली आहे असा मनुष्य फुंकवाद्य वाजवीत होता. ब्राम्सच्या या रचनेत क्लॅरिनेट आणि व्हायोलिन कोठे वेगळे होतात हे कानास क्षणभर कळू नये अशा जागा आहेत. त्या केवळ लेखणीतून नव्हे, म्यूलफेल्डच्या दुहेरी विद्येतूनही उतरल्या असाव्यात असे मला वाटते.

ही रचना १२ डिसेंबर १८९१ रोजी बर्लिन येथे योआखिमच्या चौकडीने म्यूलफेल्डसह लोकांपुढे वाजविली. या चौकडीच्या मैफलींत तोपर्यंत तंतुवाद्यांखेरीज दुसरे वाद्य येऊ द्यावयाचे नाही असा कडक दंडक होता. तो त्या दिवशी प्रथम मोडला. ब्राम्सने त्याविषयी पत्रात थोडी थट्टाही केली आहे. मोझार्टनंतर एक शतक लोटले तरी दारावर पहारा होताच, हे यावरून ध्यानी येते. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, लंडनच्या रॉयल कॉलेजात शिकत असलेल्या विशीतील सॅम्युएल कोलरिज-टेलर याने आपली पंचकरचना लिहिली. त्याचे वडील सिएरा लिओनचे आफ्रिकी वैद्य, आई इंग्रज. ब्राम्सची छाप न पडता आता कोणासही असे लेखन साधणार नाही, असे त्याचे गुरू स्टॅनफर्ड म्हणाले होते, आणि त्या आव्हानातून ही रचना झाली अशी हकीकत सांगतात. पुढे ती दीर्घ काळ विस्मृतीत गेली. तिची आठवण अलीकडच्या पिढ्यांनी पुन्हा केली आहे.

येथपर्यंत युरोप. आता आपल्याकडे वळावयाचे तर वाट पोलादपूरवरून जाते. पोलादपूर येथे कवींद्र परमानंद यांची समाधी दाखविली जाते. शिवाजी महाराजांच्या चरित्रावरील त्यांचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य महाराष्ट्रात लुप्तप्राय झाले होते. त्याची प्रत स. म. दिवेकर यांस तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मिळाली व १९२७ मध्ये ते मराठी भाषांतरासह प्रसिद्ध झाले. सह्याद्रीच्या पायथ्याशी देह ठेवलेल्या कवीचा ग्रंथ कावेरीकाठी सापडावा याचे कारण उघड आहे. महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर येथे आपले राज्य स्थापिले आणि पुढे पावणेदोनशे वर्षे तेथील दरबाराचे बरेचसे कागद मराठीत, मोडी लिपीत, लिहिले गेले. क्लॅरिनेट व व्हायोलिन यांचा मराठी दरबाराशी सर्वांत जुना व सर्वांत फलदायी संबंध आला तो याच दरबारात.

दुसरे सरफोजी महाराज (राज्यकाल १७९८ ते १८३२) हे श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेले, ग्रंथसंग्राहक, वैद्यकाचे व यंत्रांचे शौकीन. त्यांनी दरबारी युरोपीय वाद्यांचा बँड ठेविला होता. पाश्चात्त्य स्वरलेखनाचे ग्रंथ त्यांच्या संग्रही होते. नृत्यासाठी त्यांनी मराठीत रचना केल्या. त्यांतील काही ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांच्या व त्यांच्या पुत्राच्या आश्रयास असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू या चार बंधूंनी सदिर नृत्याच्या कार्यक्रमास आजचा क्रम दिला. यांपैकी वडिवेलू हा व्हायोलिनमध्ये निष्णात झाला, आणि त्रावणकोरचे महाराज स्वाती तिरुनाळ यांनी १८३४ मध्ये त्यास हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस दिले.

क्लॅरिनेटची कथा थोडी पुढची आहे. नृत्याच्या साथीस पूर्वी मुखवीणा हे लहान, दुहेरी पत्तीचे वाद्य असे. १८६० च्या सुमारास महादेव नट्टुवनार याने तिच्या जागी क्लॅरिनेट आणले अशी परंपरा सांगतात. तंजावरचे राज्य त्यापूर्वीच, १८५५ नंतर, खालसा झाले होते. परंतु बँडमुळे हे वाद्य तेथील कानांस परिचित झालेले होते. पुढे सदिरच्या मेळात क्लॅरिनेट इतके रुळले की विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते या नृत्याचे ओळखीचे वाद्य होते. स्वतंत्र मैफलीत त्यास मानाची जागा मिळवून दिली ती ए. के. सी. नटराजन यांनी; त्यांस २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

या ठिकाणी मला या लेखाचा मुख्य मुद्दा मांडावयाचा आहे. व्हायोलिन व क्लॅरिनेट ही दोन्ही परकी वाद्ये जवळजवळ एकाच काळी, एकाच प्रकारच्या बँडांतून, एकाच दरबारात आली. व्हायोलिनास पन्नास-पाऊणशे वर्षांत गायकाच्या शेजारी, बैठकीच्या सतरंजीवर जागा मिळाली व आज कर्नाटक संगीताची मैफल त्याच्यावाचून होत नाही. क्लॅरिनेटास मुखवीणेची जागा मिळाली : नर्तकीच्या मागे, नट्टुवनारांच्या ओळीत. व्हिएन्नात ज्या दोन वाद्यांचा विवाह लागला ती आपल्याकडे एकाच गलबतातून उतरून दोन दारांनी गेली. परके वाद्य आले की समाज त्याचा नाद ऐकून जागा ठरवीत नाही. ते आपल्या कोणत्या वाद्यासारखे दिसते आणि ते वाद्य कोणाच्या हाती असते, हे पाहून ठरवितो. व्हायोलिन वीणा-सारंगीच्या कुळात गणले गेले. क्लॅरिनेट सनईच्या.

याचे एक कारण म्हणून उष्ट्याची कल्पना पुढे केली जाते. पत्ती तोंडात धरावी लागते, तिला लाळ लागते, म्हणून उच्चवर्णीयांनी ही वाद्ये वर्ज्य मानिली, असे हे स्पष्टीकरण आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु बासरीही मुखानेच वाजते, आणि कुंभकोणचे शरभशास्त्री हे ब्राह्मण बासरीवादक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैफली गाजवीत होते. बासरी ओठांवर टेकते, तोंडात जात नाही, असा भेद कोणी काढील; पण असा भेद काढावा लागतो यावरूनच नियम आधी ठरला व कारण मागून शोधले गेले असा संशय येतो. दुसरे कारण आवाजाचे. सनई मोकळ्या जागेचे वाद्य आहे हे खरे. तरी बिस्मिल्ला खाँ यांची सनई आणि वि. गो. जोग यांचे व्हायोलिन यांची जुगलबंदी ज्यांनी ऐकिली आहे त्यांस हे कारण अर्धेच पटेल. फुंक आवरणे कठीण असते, अशक्य नसते. क्लॅरिनेटच्या बाबतीत तर ती अडचण मुळातच नव्हती.

महाराष्ट्रात क्लॅरिनेट आले ते लष्कराच्या मार्गाने. पलटणीच्या बँडमध्ये वाद्यवृंदातील व्हायोलिनाचे काम क्लॅरिनेटांकडे असते. मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकणातील माणूस पुष्कळ होता. महाड तालुक्यातील एका आंबवडे गावास लोक फौजी आंबवडे म्हणतात आणि पहिल्या महायुद्धावर गेलेल्या तेथील शंभराहून अधिक जवानांची स्मृती त्या गावी जपलेली आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतून निवृत्त झालेले. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा, १८९० च्या दशकात, त्यांनी सरकारास अर्ज लिहून तिचा निषेध केला. पलटण या खोऱ्यातील पुष्कळ घरांस परकी नव्हती. तिचे वाद्य मात्र सावित्रीकाठी आले नाही. ते पुण्या-मुंबईच्या ब्रास बँडांत गेले. तेथे त्याने लग्नाच्या वरातीत सनईची जागा घेतली, नाट्यगीते वाजविली आणि पुण्याच्या प्रभात ब्रास बँडचे बंडोपंत सोलापूरकर यांच्यासारखे नामांकित वादक निर्माण केले. बँडवाले बहुधा जुन्या, साध्या चाव्यांचे वाद्य पसंत करीत, कारण त्यावर मींड काढणे सोपे जाते. वाद्य बदलले, जागा तीच राहिली. मराठी रंगभूमीची गोष्ट पाहावी. बालगंधर्वांच्या मेळात ऑर्गन हे संपूर्ण परके वाद्य सन्मानाने बसले, त्याच्या शेजारी कादरबक्षांची सारंगी व थिरकवाँ खाँसाहेबांचा तबला होता. क्लॅरिनेटास मात्र त्या साथीत तसे आसन मिळाले नाही.

मुंबईत युरोपीय कक्षसंगीत वाजू लागले त्याची हकीकत संक्षेपाने सांगतो, कारण ती आपल्या प्रश्नापासून थोडी बाजूस जाते. नात्झी राजवटीच्या छायेतून निघालेला वॉल्टर कौफमन हा ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईस आला आणि त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापिली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात तिचे वादन होई. स्वतः कौफमन पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर व एजिदिओ वेर्गा चेलोवर असत. आकाशवाणीच्या संकेतधुनीचे श्रेयही सामान्यतः कौफमनला देतात. याच काळात गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन व व्हायोलिन शिकून आलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. गाण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी एका खोलीत व्हायोलिने आणि क्लॅरिनेट प्रथमच नित्य शेजारी बसली ती त्यांच्यामुळे. ज्या खोलीत श्रोताच नाही तेथे कोण आत व कोण बाहेर हा प्रश्न बराचसा सैल पडतो, हे ध्वनिमुद्रणाचे उपकार समजावयाचे.

आता पुन्हा सावित्रीकाठी. महाड-पोलादपूरकडे, आणि एकंदर दक्षिण रायगड व रत्नागिरी भागांत, खालूबाजा या नावाचा मेळ प्रसिद्ध आहे. सनई, ढोल, टिमकी व झांज ही त्यातील वाद्ये. शिमग्यात पालखीपुढे, लग्नात वरातीपुढे तो वाजतो. चाल सनई सांगते व ढोल-टिमकी तिला उचलून धरतात. कोकणातील अनेक गावांत हा बाजा वाजविण्याचे काम महार समाजाकडे होते. ते कलेचे काम होते तसेच ते गावकीचे काम होते, आणि हे दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर असणे हीच त्यातील गाठ आहे. ज्याच्या सनईवाचून मंगलकार्य सुरू होत नसे त्यास त्या कार्याच्या मांडवात जागा नसे. त्याचा नाद घरात जाई. तो पाणवठ्यावर जाऊ शकत नसे.

पाणवठ्याचा प्रश्न याच महाड गावी उभा राहिला. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याप्रमाणे ठराव केला. प्रत्यक्षात काही घडले नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली लोक चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, २५ डिसेंबरास मनुस्मृतीचे दहन झाले, आणि खटला चालत राहून १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने अस्पृश्यांचा हक्क मान्य केला. हा इतिहास या विभागाच्या वाचकांस नव्याने सांगण्याची गरज नाही. त्याचा संगीताशी असलेला संबंध मात्र सहसा कोणी पाहत नाही. परिषदेने ज्या हीन कामांचा त्याग करण्यास सांगितले त्यांमागील तत्त्व हे की मान नसलेले काम, परंपरेचे असले तरी, सोडावे. १९५६ च्या धर्मांतरानंतर कोकणातील अनेक गावांत या समाजाने बाजा वाजविणे सोडून दिले ते याच तत्त्वास धरून होय. वाद्ये खुंटीस लागली. पुढे इतर समाजांतील मंडळींनी पथके उभी केली व बाजा टिकला.

या त्यागाकडे पाहून काही संगीतप्रेमी हळहळतात. किती चाली बुडाल्या असतील, असे म्हणतात. त्यांची हळहळ खोटी नाही. पण स्टाडलरला मोझार्ट भेटला, म्यूलफेल्डला ब्राम्स भेटला, आणि योआखिमने आपला दंडक मोडला. आमच्या सनईवाल्यासाठी दिवाणखान्याचे दार आतून कोणी उघडले नाही, हेही त्याच दमात म्हटले पाहिजे. आत बोलावणे न येता वर्षानुवर्षे अंगणात वाजवीत राहावे अशी अपेक्षा कोणी कोणाकडून करावी? वाद्य खाली ठेवणे हाच त्यांच्या हाती असलेला एकमेव सूर होता.

डॉ. आंबेडकर यांनी आयुष्याच्या उत्तरकाळात व्हायोलिन शिकण्यास आरंभ केला होता. त्यांच्या पूर्वजांचे आंबडवे हे गाव महाडपासून फार दूर नाही. वडील व आजोबा दोघेही पलटणीतले. ग्रंथ, संविधान, राजकारण व ढासळती प्रकृती यांतून वेळ काढून त्यांनी हाती घेतलेले वाद्य तंतुवाद्य होते. कोणाच्या दाराशी वाजविण्यासाठी नव्हे, स्वतःच्या खोलीत बसून वाजविण्यासाठी. ते व्हायोलिन पुणे येथील सिंबायोसिस संस्थेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालयात ठेविलेले आहे.

खालूबाजाच्या ज्या चाली आज महाड-पोलादपूरच्या शिमग्यात वाजतात त्या स्वरलिपीत उतरवून घेण्याचे काम संगीत व इतिहास या दोन्ही विभागांनी मिळून करण्यासारखे आहे. ते करताना सध्याच्या पथकांइतकीच, ज्या घरांनी बाजा सोडला त्या घरांची चौकशी करावी लागेल. तेथील वृद्धांस आजोबांची एखादी चाल अजून आठवत असेल, आणि ती ते अभ्यासकास म्हणून दाखवितील किंवा दाखविणार नाहीत. चालीविषयी विचारण्यापूर्वी ती का सोडली याची हकीकत लिहून घ्यावी, आणि ती लिहिताना अंगणात उभे न राहता ओटीवर, त्यांच्या शेजारी बसावे.